गोविंदरावांचे चार बेडूक

जनावरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाने लग्नाच्या पंगतीत बसू नये. लगेच कुणीतरी म्हणतं, "एखादा किस्सा सांगा ना!" किस्से काय, कपड्यांवरच्या मांजरीच्या केसांसारखे साठतात, कितीही झटका! चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आमच्या दवाखान्यात मी सहा वर्षं रिसेप्शनवर आहे. शिव्या देणाऱ्या पोपटाचा किस्सा मी पन्नासदा सांगितला असेल. गोविंदरावांचा मात्र टाळते, कारण सांगताना मलाच रडू येतं.

*

गोविंदराव पहिल्यांदा आले ते चार कप्प्यांचा जेवणाचा डबा घेऊन. सत्तरीचे गृहस्थ, शहराबाहेरच्या आवडीहून लोकलने आलेले. मला वाटलं, डॉक्टरांसाठी इडल्या आणल्यात!

मी फोनवर बहिणीशी बोलत होते, ते ऐकून म्हणाले, "तुमी मराठी की? अमीपण मराठी. तंजावरचे." आणि डबा उघडला. प्रत्येक कप्प्यात ओला टिश्यू पेपर आणि त्यावर एक बेडूक. झाडावर राहणारे, परदेशी जातीचे. चार-पाच दिवसांपूर्वी कुरियरमध्ये तीन दिवस काढून आलेले, माना टाकलेले.

"एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून वेगळे आणलो!"

आमच्या डॉक्टरबाई तमिळ, आणि कौतुकाच्या बाबतीत कंजूष. पण त्याही म्हणाल्या, "एवढं कडक क्वारंटाइन माणसांच्या हॉस्पिटलातही नसतं!"

*

बेडूक त्यांचे नव्हतेच. मुलाचे, वासूचे. तो बदली होऊन दिल्लीहून कायमचा घरी यायचा होता, म्हणून त्याने आधीच मागवले. बेडूक आले आणि ऑफिसने वासूची बदली रद्द केली.

"मग परत पाठवा की," मी म्हटलं.

गोविंदरावांनी डब्याचे कप्पे एकेक करून बंद केले. मग म्हणाले, "त्याची आई गेली तेव्हापासून दोन वर्षं बोलत नव्हता. अमी तिला हॉस्पिटलला उशिरा नेलो म्हणून राग. आता रोज सातला व्हिडिओ कॉल करतो. बेडूक बघायला."

त्यानंतर परत पाठवण्याचं नाव मी काढलं नाही.

*

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं वापरता?"

"सगळ्यात चांगलं! प्यायचं कॅनचं. अमी बोअरचंच पितो."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. कॅनच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, माणसाला चालतं, बेडकाला बाधतं. चौघांतला एक फुगला होता, तो संध्याकाळपर्यंत गेला. "प्रवासातच अर्धमेला झाला होता," असं डॉक्टर तीनदा म्हणाल्या. एरवी त्या कुणाची समजूत घालत नाहीत.

गोविंदराव एवढंच म्हणाले, "चांगलं म्हणून दिलो की, डॉक्टरम्मा."

*

बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून घरात धूर बंद! आता आली पंचाईत. दर शुक्रवारी बायकोच्या फोटोपुढे सांब्राणीचा धूप, हा त्यांचा नेम. पुढच्या आठवड्यात मी विचारलं, काय केलंत?

"फोटो बाहेर गॅलरीत नेलो, तिथेच धूप दाखवलो. तिला सांगितलो, शुक्रवारपुरतं बाहेर बस. तुझ्या पोराचे बेडूक आहेत."

मी हसले आणि मग फाईल शोधायच्या निमित्ताने आत गेले.

*

हा माणूस जन्माचा शाकाहारी. अंडं घातलेला केकही खायचा नाही. आणि बेडकांना हवेत जिवंत रातकिडे! चिमट्यात किडा धरायचा, डोळे मिटायचे, देवाचं नाव घ्यायचं, पुढे करायचा आणि नंतर आंघोळ. दिवसातून एकदा जेवण बेडकांचं, दोनदा आंघोळ यांची!

एकदा किडा सुटला तो थेट त्यांच्या बनियनमध्ये. कॉल चालू होता. "वासू हसला, बाई! मोठ्याने हसला!" हे सांगायला ते आवडीहून दवाखान्यात आले होते. पेशंटशिवाय.

*

त्या पावसाळ्यात आणखी दोन गेले. गोविंदरावांनी वासूला एकाचंही सांगितलं नाही. कॉलवर उरलेल्या एकाच बेडकाला चार कप्प्यांतून फिरवायचे. हा एक, हा दोन, हा तीन!

मी म्हटलं, "राव, मुलाला खरं सांगा."

"बेडूक गेले म्हटल्यावर तो फोन कशाला करेल?"

मी त्यांना कॉफी आणून दिली.

*

चौथा बेडूक एका मंगळवारी दुपारी आमच्या टेबलावरच गेला. गोविंदराव बाकावर बसून राहिले. घरी जा म्हटलं तरी उठेनात.

आत डॉक्टर मोबाईलवर मेसेज लिहीत होत्या. पूर्ण झाल्यावर स्क्रीन माझ्यापुढे धरली. वर वासूचा जुना मेसेज होता, अगदी पहिल्या आठवड्यातला, डॉक्टरांचा नंबर मिळवून पाठवलेला: "बेडूक गेला तर मला कळवत जा. मला कळलंय हे अप्पांना सांगू नका." खाली डॉक्टरांचे चार मेसेज. चौथा आताच गेलेला. बघता बघता त्यावर दोन निळ्या खुणा आल्या.

सात वाजता गोविंदरावांचा फोन वाजला. त्यांनी घाईघाईने डब्याचा एक कप्पा काढला आणि मोबाईलसमोर धरला. आत ओला टिश्यू पेपर आणि मनीप्लांटचं एक पान.

"अप्पा, चौघं कसे आहेत?"

"मजेत आहेत की. झोपलेत."

मग वासू म्हणाला, "फार खायला घालू नका हं, अप्पा. केवढे जाडे झालेत!"