वर्षाचे जुलाब

"मॅडम, जुलाब बंद व्हायचं चांगलं कडक औषध लिहून द्या. आम्हाला दुपारची गाडी धरायचीय."

टेबलावर तीन वर्षांची वर्षा आडवी झाली होती. बोलत होते ते तिचे वडील, ताडकळसकडच्या एका शाळेतले सर. खिशाला दोन पेनं, नाकाला रुमाल. रुमाल स्वतःच्या मुलीचा वास नको म्हणून होता. मुलीची आई मंगल भिंतीला चिकटून उभी होती. तिनं आल्यापासून तोंड उघडलं नव्हतं.

तेव्हा परभणीत लहान मुलांचे डॉक्टर फार नव्हते. माझा दवाखाना छोटा, मागच्या खोलीत चार खाटा. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. बंदची हाक आली की एसटी कधी थांबेल याचा भरवसा नसे. दुसऱ्या दिवशी बंद होता, म्हणून सरांची ही घाई.

"कधीपासून जुलाब?" मी विचारलं.

"लय दिवस झाले. दिवसभर चड्डी खराब. तिला कळत पण न्हाई. गावातल्या डॉक्टरची औषधं झाली. जरा थांबतं, पुन्हा चालू. जूनमधे बालवाडीत घालायचीय. बाई म्हणतात, अशा पोरीला आमी घेणार न्हाई. शिक्षकाची मुलगी मॅडम! गावात तोंड दाखवायला जागा न्हाई."

मी वर्षाच्या पोटावर हात ठेवला. जुलाबाच्या मुलाचं पोट मऊ लागतं, गुडगुडतं. हे पोट टणक होतं. खाली डाव्या बाजूला माझ्या मुठीएवढा गोळा हाताला लागला.

"सर, इथं हात लावा."

त्यांनी रुमाल न सोडता दोन बोटं टेकवली. "गाठ हाय का?" आवाज पहिल्यांदा उतरला.

"गाठ नाही. शी आहे. कित्येक दिवसांची साठलेली."

"अहो, पण जुलाब..."

हे लोकांना पटत नाही, म्हणून इथंही सांगते. मूल शी दाबून ठेवायला लागलं की ती आत सुकते, दगडासारखी होते. आतडं ताणलं जातं आणि त्याची जाणीव जाते. मग वरचा पातळ मल त्या दगडाच्या कडेनं झिरपत बाहेर येतो. घरच्यांना वाटतं जुलाब. ते जुलाब थांबवायचं औषध देतात. आतला दगड आणखी मोठा होतो. या मुलीला तेच औषध महिनोन्‌महिने चाललं होतं, आणि वडील माझ्याकडे त्याहून कडक मागत होते.

"मूल शी दाबतं ते दुखतं म्हणून," मी म्हटलं, "नाहीतर भीतीनं. हिला कशाची भीती आहे?"

सर ताठ झाले. "भीती कसली? मी वळण लावतोय. दीड वर्षाची होती तेव्हापासून. परभणीहून प्लास्टिकचा पॉट नेलाय. सकाळी उठली की पॉटवर. झाल्याशिवाय उठायचं न्हाई. साठ पोरांना वळण लावतो मी मॅडम. ही एकटी दाद देत न्हाई."

"उठली तर?"

"तर जरा फोक दाखवतो."

मी सिस्टरला बेडपॅन आणायला सांगितलं. ते भांडं दारात दिसलं मात्र, वर्षा टेबलावर उठून बसली आणि तिनं दोन्ही हातांनी आपल्या पोटऱ्या झाकल्या. रडली नाही. नुसत्या झाकल्या. फोक कुठं बसतो हे त्या लेकराला पाठ होतं.

मी तिचे हात हळूच बाजूला केले. पोटऱ्यांवर वळ होते, काही जुने, काही ताजे. फ्रॉक वर केला तर मांडीवर एक चट्टा. कातडी भाजून सुरकुतलेली. कडा सरळ होत्या.

"हे काय आहे?"

सर खिडकीकडे बघायला लागले. "आमच्या आईचं काम ते. जुनी बाई. भीती बसावी म्हणून उलथनं तापवून जरासं टेकवलं."

जरासं! इतकी वर्षं झाली, तो शब्द आठवला तरी माझे कान तापतात. मी आवाज चढवणारी डॉक्टर नव्हते. त्या दिवशी माझा आवाज बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटपर्यंत गेला.

"सर, हिला ॲडमिट करावं लागेल. एनिमा द्यायचा आहे. पोट रिकामं झाल्याशिवाय सोडणार नाही."

"ते जमणार न्हाई. उद्या बंद आहे. तुम्ही औषध द्या, मी बाप आहे, बघून घेईन."

"तुम्ही बघितलंत ते मी आत्ताच पाहिलं. भाजलेलं लेकरू माझ्या टेबलावर आहे. चौकी कोपऱ्यावर आहे. माणूस पाठवू का?"

"तुम्ही मला धमकी देताय?"

"हो."

ते मंगलकडे वळले. "उचल पोरीला. चल."

मंगल भिंतीपासून निघाली. मला वाटलं, संपलं. तिनं वर्षाला कडेवर घेतलं आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन पहिल्या रिकाम्या खाटेवर बसली.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "तुमी जा."

सर दारापर्यंत गेले, थांबले. बाकावरची माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी रुमाल खिशात घातला आणि निघून गेले. मुलीकडे वळूनही पाहिलं नाही.

मग मंगल बोलायला लागली. "काल सांजच्यापासून लेकराला खायला दिलं न्हाई, डॉक्टरबाई. पाणी बी न्हाई. गाडीत करल म्हणून. तरी पिंगळीच्या अलीकडं फ्रॉक भरला. कंडक्टर बिचारा चांगला होता, तेनं पुसायला पोत्याचा तुकडा दिला. बाजूच्या म्हातारीनं जागा दिली. कुनीच काही म्हनलं न्हाई. ह्यांलाच लाज वाटली. पिंगळीला उतरवलं अन् सगळ्या गाडीसमोर लेकराला मारलं. गाडी गेली निघून. मागची गाडी येईपतोर आमी उन्हात उभे."

उपाशी, तहानलेलं लेकरू! आत शी सुकायला आणखी काय लागतं? मी आधी वर्षाला साखर-मिठाचं पाणी पाजलं. तिनं पेला दोन्ही हातांत घट्ट धरला, कुणी काढून घेईल म्हणून.

एनिमा म्हणजे गुदद्वारातून औषधाचं पाणी सोडून मल मऊ करणं. वर्षाला तो एकदा देऊन भागलं नाही. संध्याकाळपर्यंत तिचं पोट मोकळं झालं. काय निघालं ते सांगत नाही. सिस्टर जुन्या होत्या, त्यांनीही तोंडाला पदर लावला. मंगल मात्र कोपऱ्यात बसून रडत होती. "एवढं घेऊन फिरायली होती माझी लेक," म्हणत होती.

बंदमुळं मायलेकी दवाखान्यातच राहिल्या. मी मंगलला सगळं समजावलं. रोज लिक्विड पॅराफिन, म्हणजे आतडं बुळबुळीत करणारं तेलासारखं औषध, तेही कित्येक महिने. जेवण झालं की थोडा वेळ बसवायचं, कारण पोट भरलं की आतडं आपोआप हलतं. पाय टेकलेले हवेत, लोंबते नकोत. झाली तर ठीक, नाही झाली तरी ठीक. चड्डी खराब झाली तर बदलायची, बोलायचं नाही.

"पायावर बसवू का? आमच्या पालमला माय तसंच बसवायची," तिनं विचारलं. स्वतःचे पाय लांब करून त्यावर लेकराला बसवायची जुनी रीत. मी म्हटलं, त्याहून चांगलं काय?

गाड्या सुरू झाल्यावर सर आले. आता आवाज मऊ होता, पण भाषा तीच. "घर मोडायला निघालात तुम्ही मॅडम. मी वर तक्रार करीन."

"करा. त्या चट्ट्याबद्दल काय लिहायचं ते मी सांगते."

मंगलचे वडील पालमहून आले आणि मायलेकींना घेऊन गेले. दिवाळीपर्यंत त्या तिकडेच होत्या. मंगल मधूनमधून दाखवायला यायची. मधे दोनदा पोट पुन्हा तुंबलं, तेव्हा वर्षा घाबरून बाजेखाली लपली होती. मग हळूहळू सुधारलं. एकदा मंगल हसत सांगत आली, "आता सोताच म्हनती, आई, चल. पाव्हन्याच्या घरी गेलो तरी सांगती." सासरी जाताना तिनं सासूला एकच अट घातली: लेकराला हात लावला तर मी पालमला. अट पाळली गेली. चट्टा मांडीवर राहिला.

काही वर्षांनी तालुक्याच्या ठिकाणी शिक्षकांचं शिबिर होतं. मुलांच्या आरोग्यावर बोलायला मला बोलावलं होतं. ओळख करून द्यायला उभे राहिले ते हेच सर. केस थोडे पिकलेले. माईकवर म्हणाले, "मॅडमच्या एका औषधाच्या बाटलीनं आमच्या मुलीचे जुलाब कायमचे थांबले." टाळ्या पडल्या. पश्चात्तापाचा एक शब्द नाही. त्या माणसानं स्वतःलाही तीच गोष्ट सांगून ठेवली होती.

मी ठरवलेलं भाषण बाजूला ठेवलं. नाव न घेता सगळं सांगितलं. पॉट, फोक, उलथनं, उपाशीपोटीचा प्रवास. सर पहिल्या रांगेत बसून जमिनीकडे बघत होते.

प्रश्न विचारा म्हटल्यावर एक तरुण मास्तर उठले. "मॅडम, तुमचं पटतं. पण थोडा तरी धाक पाहिजेच की. धाकाशिवाय लेकरू ऐकतं का?"

"ऐकतं की," मी म्हटलं. "धाकानं लेकरू गप्प बसतं. मागोमाग त्याचं आतडंही गप्प बसतं. मग कडेनं जे झिरपतं त्याला तुम्ही जुलाब म्हणता आणि लेकराला माझ्याकडे घेऊन येता."