शिरीनसाठी अर्धा किलो चिक्की

दर हिवाळ्यात मी एकटी लोणावळ्याला जाते, तेहरानच्या शिरीनला पाठवायची चिक्की आणायला. तिथल्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये आमच्या खाटा शेजारी होत्या. ती चहात साखर घालायची नाही. खडा दातांत धरून वरून चहा प्यायची. बोर्डिंगात खडे कुठले? मग चिक्कीचा तुकडा. सिस्टर ओरडायच्या आणि मीही तसाच पिऊ लागले.

यंदा माझ्या निरोपांपुढे तीन आठवडे एकच टिक आहे. तिकडच्या सरकारने इंटरनेट बंद केलंय. तरी निघाले.

पुण्याहून एसटी घ्या, बायकांना अर्धं तिकीट आहे. मात्र वेळ हाताशी ठेवा. सोमाटण्याच्या टोलनाक्याला आम्ही पाऊण तास अडकलो. शेजारचे गृहस्थ मोबाईलवर इराणची बातमी बघत म्हणाले, "तिकडच्या बायकांना सवय असते हो."

"कसली? मार खायची?"

ते खिडकीबाहेर बघू लागले.

सवय म्हणे! शिरीनच्या आजीची डोक्यावरून घेतलेली चादर राजाच्या शिपायांनी भर रस्त्यात ओढली, तेव्हा आजीने घराबाहेर पडणंच सोडलं. पुढच्या राजाविरुद्ध शिरीन मोर्चात गेली. राजा पळाला आणि नव्या राज्यकर्त्यांनी तिच्यावर डोक्याला रुमाल बांधायची सक्ती केली. मग इराकशी युद्ध. त्यात भाऊ गेला. आता तिची मुलगी उघड्या डोक्याने रस्त्यावर उतरते. इतकी वर्षं झाली, राज्य करणाऱ्यांचं लक्ष अजून बायकांच्या केसांवरच.

चिक्की हायवेवर घेऊ नका, आत बाजारात घ्या. माझे नेहमीचे दुकानदार सलीमभाई. त्यांना बघताच मी विचारलं, "काय हो, इराणमध्ये नेमकं काय चाललंय?"

"मला इचारता व्हय मावशी? माझं गाव हितलंच, औंढे. मी अजून नागपूरबी बघितलं न्हाई!"

एसटीत दुसऱ्याला झोडपून आलेली मी, आणि नुसत्या नावावरून यांना तेहरानचं करून मोकळी!

"चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या. मैत्रिणीची अर्धा किलो न्हवं?" त्यांनी न सांगता दुहेरी प्लास्टिक गुंडाळलं. "दोन म्हयने काय व्हत न्हाई हिला."

कुरियरवाली मुलगी म्हणाली, "तिकडचं बुकिंग बंद आहे, आजी. कधी सुरू होईल, माहीत नाही."

बोर्डिंगच्या फाटकापर्यंत जाऊन परतले. आत ओळखीचं कोणी नाही.

घरी बिनसाखरेचा चहा केला. माझ्यासाठी घेतलेल्या सुट्या चिक्कीतला तुकडा दातांत धरला. शिरीनला लिहिलं, 'चिक्की आणलीय. पत्ता तोच ना?' एक टिक.

तिचा पुडा कपाटात ठेवलाय. दोन महिने आहेत.