बारा नंबरच्या घरात किती माणसं?

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेली घासाघीससुद्धा सांगते! पण हे—हे कधी तोंडातून निघालंच नाही.

नाहूरला आमची वसाहत तेव्हा नवी होती. गिरण्यांच्या संपानंतर परळ-लालबाग सोडून आलेली माणसं बरीच. घरं वाढत होती, पण गटाराची मोठी लाइन आमच्यापर्यंत पोचली नव्हती. सेप्टिक टँक सारखा भरून वाहायचा. शेवटी सगळ्यांनी ठरवलं—सांडपाणी शुद्ध करायला आपलाच प्लांट बांधायचा. चेंबूरहून कांबळेसाहेब नावाचे इंजिनीअर यायला लागले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “आज घरात किती माणसं, एवढंच नको. पंधरा वर्षांनी किती असतील तेही सांगा. टाक्या त्यांच्यासाठी बांधायच्यात.”

मी नुकतीच बी.ए. झालेली, अक्षर बरं—यादी माझ्याकडे आली. काय मजा आली म्हणून सांगू! दारोदार नुसता हशा. मुलांची लग्नं ठरायच्या आधीच आया नातवंडं मोजत होत्या. एका आजींनी तर बजावलं, “माझं नाव खोडू नकोस हां, पंधरा वर्षांनी पण मी इथेच आहे!”

राहिलं बारा नंबर. आमच्या शेजारचंच दार. वसंतदादा परब आणि शालिनीवहिनी. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नव्हतं. मी दारापर्यंत गेले. आत रेडिओ चालू होता. पण कडी वाजवायला हात उठेना. कसं विचारायचं? मग तिथेच उभ्याउभ्या लिहून टाकलं—आज दोन, पुढे दोन. वाटलं, आपण किती समजूतदार! समजूतदार कसली? मला अवघडायचं नव्हतं, एवढंच.

सभेत कांबळेसाहेबांनी यादी मोठ्याने वाचली. प्रत्येक आकड्याला टाळ्या, टोमणे, शिट्ट्या. “खोली बारा—आज दोन, पुढे दोन.” कोणी टाळी वाजवली नाही. दादा कामावर होते. वहिनी माझ्याकडे झुकल्या. “हे कोणी गं सांगितलं?”

“दादांनी.”

एवढा एकच शब्द. का बोलले? समोर त्यांचा चेहरा होता, आणि ‘मी’ म्हणायची हिंमत नव्हती.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. “साहेब, बारा नंबर चुकलाय. तीन लिहा.”

साहेबांनी काहीएक न विचारता दोन खोडलं, तीन लिहिलं. आणि मग काय टाळ्या पडल्या! आजी तर खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

नंतर कळलं—अनाथाश्रमातून मूल घ्यायचा फॉर्म दादांनी वर्षभर आधीच आणून ठेवला होता. वहिनींचं मन होत नव्हतं. सभेत ‘दोन’ ऐकून त्यांना वाटलं, आपली वाट बघून बघून ह्यांनीच आशा सोडली. त्या संध्याकाळी दोघांचं जोरात वाजलं. भिंतीपलीकडून दादांचा आवाज येत होता, “मी कधी सांगलंय? माका कोणी इचारल्यानच नाय!” मी उठून तेव्हाच जायला हवं होतं ना? मी कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी फॉर्मवर सही केली.

प्लांट सुरू झाला त्या दिवशी आश्रमातून आणलेली, एक वर्षाची पूर्वा दादांच्या खांद्यावर होती. हवा मारायचं मशीन घरघरलं, टाकीत फेस उसळला, आणि ती असली खिदळली की सगळे टाकी सोडून तिच्याकडेच बघायला लागले. काही आठवड्यांनी स्वच्छ पाणी बाहेर पडलं, मागच्या केळींना सोडलं. घड लागले तर खायला कोणी तयार नाही! पहिलं केळं वहिनींनी सोललं, अर्धं पूर्वाच्या तोंडात घातलं. मग मात्र घड पुरले नाहीत.

मला केवढा आनंद झाला होता! त्या आनंदात माझं खोटं विरघळून गेलं असं मी धरून चालले. पण नाही गेलं. पूर्वाच्या प्रत्येक वाढदिवसाला वहिनी तोच किस्सा सांगायच्या—“ह्यांनी तर दोनच लिहायला सांगितलेलं!” सगळे हसायचे. दादा पहिल्या वर्षी ‘नाही नाही’ म्हणाले. मग तेही हसायला लागले.

पाचव्या वाढदिवसाला पूर्वा हसली नाही. “बाबा, तुम्हाला मी नको होते?”

मी समोरच बसले होते, श्रीखंड-पुरीची ताटली घेऊन. दादांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. यादी कोणी केली होती, ते त्यांना ठाऊक नव्हतं का? मग त्यांनी तिला उचलून घेतलं. “तेव्हा माझा चुकला गो बाय.” तिने त्यांच्या गळ्याला मिठी मारली, आणि घरात पुन्हा हसणं सुरू झालं.

दादा दोन म्हणाले नव्हते. आकडा माझा होता. खोटंही माझं. पोर त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती तेव्हा माझ्या तोंडात घास होता—तो गिळून बोलायला कितीसा वेळ लागला असता? मी आणखी एक पुरी घेतली.