एक जूनच्या पोरी

रोशना आणि तिच्या दोन चुलतबहिणी पारधीबेड्यावरच्या, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतल्या. जिल्हा निवडीच्या सकाळी, सामना सुरू व्हायला दहा मिनिटं उरली असताना निवड समितीच्या साहेबांनी या तिघींची नावं आमच्या सॉफ्टबॉल संघातून खोडली. हा संघ ढोकेबाईंनी उभा केला होता.

ढोकेबाई पुलगावच्या. पोटासाठी शिवणकाम, बाकी सगळा वेळ सॉफ्टबॉल. मी त्यांना देवळीच्या बाजारात सापडले. बाबांच्या भाजीच्या दुकानासाठी टेम्पोवरून फेकलेले कोबीचे गड्डे झेलत होते, तर या समोर उभ्या. बाबांनी विचारलं, "कोबी देऊ का, बाई?"

"कोबी राहू द्या, पोरगी द्या."

"लग्नाचं वय नाई तिचं," बाबा तडकले.

कुणी आडनाव सांगायला लागलं की त्या मधेच तोडायच्या. "जात नको सांगू, हात दाखव."

बेड्यावर मला सोबत घेऊन गेल्या, तिथं मात्र चुकल्या. पोरी जमवायला त्यांनी शिट्टी फुंकली. तिथं शिट्टी म्हणजे पोलीस. गुन्हा कुठंही होवो, उचलतात यांनाच. अख्खा बेडा ज्वारीत पळाला. पळता पळता रोशनानं गोफण फिरवली आणि बाईंच्या हातातली वही उडवली. बाई वही झटकत मला म्हणाल्या, "चेंडू टाकणारी भेटली." पुढे आठवडाभर त्या शिट्टी घरी ठेवून बेड्यावर जात राहिल्या, तेव्हा कुठे तिघी आल्या.

निवडीच्या सकाळी साहेबांचा आक्षेप एकच. "तिघींची जन्मतारीख एक जून? दाखले बोगस आहेत."

बाई म्हणाल्या, "बेड्यावर तारीख कोन लिहून ठेवते, साहेब? शाळेत नाव टाकताना गुरुजीनं एक जून लिहून देल्ली. पोरीयचा काय गुन्हा? तुमची तारीख सांगा बरं."

साहेबांचा शिपाईच पुटपुटला, "साहेबाचा केक बी आमी एक जूनलेच कापतो."

मैदान हसलं. नावं खोडलेलीच राहिली. बदली पोरी घ्या आणि खेळा, असा हुकूम आला.

बाईंनी आम्हाला विचारलं, "खेळता काय?"

त्या सामन्यातून माझीही निवड व्हायची होती. बाबा दुकान न लावता बघायला आले होते. मी ग्लोव्ह काढून खाली बसले. मग एकेक करत सगळा संघ बसला. सामना समोरच्यांना बहाल झाला आणि बाईंना वर्षभर मैदानबंदी.

"काऊन रडून राह्यली?" त्या मला म्हणाल्या. "उद्या साडेपाचले येजो. वावर मोकळं हाय."

त्या मोकळ्या शेतातच सराव चालू आहे. तिघी येतात. दाखले तेच आहेत आणि साहेबही तेच.

वाचून हळहळू नका. येत्या निवडीला मैदानावर या, आमच्याजवळ बसा, आणि या तिघींची नावं यादीत चढल्याशिवाय उठू नका.