पाव फेरा मागे

पिंपरीकडच्या कारखान्यात तीस वर्षं माझं काम एकच: सुरक्षा. बिनहेल्मेटचा माणूस दिसला की मी त्याची अशी बिनपाण्याने करायचो, की तो घरी बायकोलाही सांगत नसे. पुढे कारखान्याने व्हीआरएस काढली आणि मी घरी बसलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी अक्कल किती ते तुम्हाला नीट कळेल.

समुद्राखाली जायचं खूळ बायकोचं. जन्म कसबा पेठेतला, पाणी पाहिलं ते नळाचं आणि मुठेचं. पण टीव्हीवर मासे दिसले की हिची पोळी तव्यावर करपायची. बँकेतून निवृत्त झाल्यावर म्हणाली, "अहो, मालवणला डायव्हिंग शिकलेल्यांना खोल नेतात म्हणे. जाऊया?" मी म्हटलं, आधी गुडघ्यांना विचार. तिने गुडघ्यांनाही विचारलं नाही आणि मलाही नाही. कात्रजच्या बाजूला एका पोहण्याच्या तलावावर शिकवणी होती, तिथे दोघांची नावं घालून आली.

शिकवणारी मुलगी आठवडाभर हिंजवडीत कम्प्युटरपुढे बसायची आणि शनिवार-रविवार लोकांना पाण्यात बुडवायची. जिभेला धार. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, पाण्याखाली एकटं कुणी नसतं. काकूंचं सामान तुम्ही तपासायचं, तुमचं काकूंनी. इथे जमलं नाही तर मालवण विसरा." बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिचं मालवण आता माझ्या हातात होतं, आणि मला ते फार सोपं वाटत होतं.

शेवटच्या रविवारी पाठीवर हवेचे सिलिंडर बांधले. दोघांचेही व्हॉल्व्ह मुलीने आधीच उघडून ठेवले होते. माझं लक्ष नव्हतं. खांद्यावरून हात मागे नेऊन मी माझा 'उघडला' आणि कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे पाव फेरा मागे घेतला, म्हणजे तो अडकत नाही. पाठीमागे हात गेला की डावं-उजवं उलटं होतं, हे तीस वर्षांत कधी शिकायची वेळ आली नव्हती. म्हणजे मी उघडा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि मग फक्त पाव फेरा उघडला.

बायको माझं सामान तपासायला लागली. मी नळीतून श्वास घेत होतो, ती हवेच्या दाबाचा काटा बघत होती. "अहो, तुम्ही श्वास घेतलात की हा काटा खाली जातोय."

"काटा आहे, हलणारच," मी म्हटलं. "तीस वर्षं हेच बघितलंय. तू घरातला गॅस बंद केलास का ते आठव."

तिने काटा हातातून सोडून दिला. मुलीने लांबून विचारलं, "झालं तपासून?" मी अंगठा आणि बोट जोडून ठीक असल्याची खूण केली. बायकोनेही केली.

तळाशी पोचेपर्यंत श्वास जड झाला. ग्लासाच्या तळाचा उसाचा रस नळीने ओढावा तसा मी हवा ओढत होतो. बायको दोन हातांवर होती. पण तिला खूण करायची म्हणजे काट्याचं तिचं बरोबर होतं असं कबूल करायचं. तेवढ्यासाठी मी आणखी दोन श्वास ओढून पाहिले. दुसरा आलाच नाही.

आमच्या बायकोने माझ्यावरची नजर हलवली नव्हती. मी हात उचलायच्या आत तिने तिची जोडीदारासाठीची जादा नळी माझ्या तोंडात कोंबली, माझा पट्टा धरला आणि मला वर आणलं. वर आल्यावर जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते कळलं. मी काठाला धरून नुसता हसत होतो, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते तलावाचं नव्हतं.

मुलीने माझा व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. "काका, पावच फेरा उघडा आहे. काकू, काटा दिसला नाही?"

"दिसला ना. ह्यांना सांगितलं एकदा."

"आणि दुसऱ्यांदा?" तिने विचारलं बायकोला, पण बघत होती माझ्याकडे.

कारखान्यात मी छाती फुगवून सांगायचो, माझ्या खात्यात कुणाची तक्रार नाही. तक्रारी येत असणार. एकेकदा. माझ्या हाताखाली कुणाचा जीव गेला नाही ही माझी हुशारी नव्हती, नशीब होतं, आणि हे मला लंगोटासारख्या चड्डीत ओलं उभं असताना कळलं. लाज वाटली, पण खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं.

"पुढच्या रविवारी परत तपासणी," मुलगी म्हणाली. "आणि काकू, 'अहो' बंद. 'अहो' म्हटलं की हे अर्धंच ऐकतात. नाव घ्यायचं आणि थांब म्हणायचं."

बायको लाजली. माझं नाव तिने लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर नाही. पुढच्या रविवारीही नुसतं "थांबा" म्हणून तिने निभावलं. आम्ही पास झालो.

मालवणला होडीत सिलिंडर पाठीवर चढले आणि माझा हात सवयीने मागे गेला. तेवढ्यात माझ्या नावाने हाक आली. सरळ, उखाण्याशिवाय, होडीतल्या चार माणसांदेखत.

"थांब. हात काढ तिथून."

मी काढला. तिने मला तीन श्वास घ्यायला लावले आणि काट्यावरून नजर काढली नाही. काटा हलला नाही. "चल आता," ती म्हणाली.

खाली तिने पोटभर मासे पाहिले. मी तिच्याकडेच बघत होतो, काही सांगतेय का म्हणून.