बिब्बे देण्याआधीचा प्रश्न

ताडकळसच्या बाजारात पोत्यावर मुळ्या, साली आणि काळे बिब्बे मांडून बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाबांचं नाव मला अजून माहीत नाही. आईच्या टाचा फुटून रक्त येत होतं आणि कापूस तर वेचायचाच होता. बिब्ब्याचं तेल भेगांत भरतात, एवढं ऐकून, "आईच्या टाचांना हवेत," म्हणत मी चार बिब्बे उचलले.

"आईच्या अंगावर बिब्बा उततो का? फोड, सूज येती का?" मनगटावरचा जुना डाग चोळत त्यांनी विचारलं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते, पण हे मला सांगता येईना. तिथूनच फोन लावला.

"उततो की! एकदा तोंड सुजून भोपळा झालता," आई हसत म्हणाली.

त्यांनी माझ्या हातातले बिब्बे हळूच काढून घेतले. "झाडाचा गुण समद्यांना ठावा असतो, माय. माणसाचा इचारावा लागतो." मग मेणाचा गोळा पुढे केला. "हे तेलात कढवा, कोमट झालं की भरा."

चार दिवसांनी आई कापसात गेली.

पुढच्या बाजारी त्यांनी मला गर्दीतून हाक मारली. माझं नाव त्यांनाही माहीत नाही.

"टाचा काय म्हणायल्यात, माय?"