होकार माझा, पुडी तुझी

माझ्या मित्राच्या, श्रीपतीच्या बायकोचा, सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात चहाच्या गाड्यापाशी त्याचीच नक्कल करत होतो. डावा तळहात पुढे, उजव्या अंगठ्याने हवेतच सुपारी-तंबाखूचा मावा मळायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "गड्या, जुन्या ग्रीकांकडं 'इच्छाशक्ती' असा शब्दच न्हवता. मग ती माझ्याकडं कुठनं येनार?" चारचौघं हसत होती. "भाऊजी, गेले हो…" वहिनी म्हणाल्या. माझा अंगठा तळहातावर तसाच राहिला.

त्याला पाच आठवडे झाले. श्रीपती सांगलीत, विश्रामबागच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. एकदा त्याने वर्गात विचारलं, चांगलं काय ते ठाऊक असूनही माणूस वाईट का करतो? आटपाडीची एक मुलगी उठली. "कळतं पण वळत न्हाई, सर. त्यात काय एवढं!" श्रीपतीने खडू ठेवून तिला कोपरापासून नमस्कार केला. हा प्रसंग मला सांगताना तो रंगात आला. "एक ग्रीक म्हणायचा, वळलं न्हाई म्हंजे कळलंच न्हवतं. त्याच्या शिष्याचा शिष्य म्हणायचा, कळलेलं असतं, पण दारुड्यानं श्लोक म्हणावा तसं. आणि पुढचे म्हणाले, मोह दारात येऊन उभा राहतो, पण 'ये आत' म्हणतो ते आपनच. तेवढा होकार आपला." हे सांगून त्याने गालात मावा सारला. मी लोळलो हसून.

गेल्या वर्षी त्याच गालात चट्टा निघाला. छोटं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दम दिला, आणि या गड्याने मावा खरंच सोडला. तीन महिने! जखम भरली, वहिनींचा चेहराही भरला.

मग मी भेटायला गेलो. खिशात माझी माव्याची पुडी होती. त्याला वास आला. "दे की रं."

"मास्तर, मोह दारात आलाय हो!" मी नाटकी आवाज काढला आणि पुडी त्याच्या नाकाखालून फिरवली. वाटलं, हसेल आणि माझा हात झटकेल. तो हसला… आणि पुडी घेतली. मी हात मागे ओढला नाही. पुढे दर खेपेला त्याच्यासाठी एक जादा नेऊ लागलो. "एकानं काय होतंय," हे वाक्य माझं. त्याने ते कधी म्हटलं नाही.

चट्टा परत आला, या खेपेला कॅन्सर होऊन. जबडा काढल्यावर त्याचं बोलणं गेलं. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी विचारलं, "माझ्यामुळं झालं का रं हे?" त्याने वहीत लिहिलं, 'होकार माझा.' वही मिटता मिटता पुन्हा पेन मागितलं आणि खाली लिहिलं, 'पुडी तुझी.' मग डोळ्यांनी हसला. त्याचे शंभर विनोद मी गावभर सांगितले. हा एक सांगवत नव्हता… आज लिहिला.

परवा वहिनींकडे जायला साताऱ्याच्या स्टँडवर उभा होतो. टपरीवाल्याने न विचारताच दोन पुड्या बांधल्या. त्याला काही माहीत नव्हतं. "मास्तरांची बी घातलीया. बरं हाय न्हवं त्यांचं?" सांगायला हवं होतं. पण माझं तोंड भरलेलं होतं. मी नुसती मान हलवली. 'हो' अशी.